ऑपरेशननंतर मन खचते तेव्हा: खान्देशातील ट्रान्स स्त्रियांसाठी

लिंगपुष्टीच्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे शरीर स्वतःच्या स्त्री-ओळखीशी जुळवणाऱ्या ऑपरेशननंतर, साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मन खाली बसणे इतके नेहमीचे आहे, की ते होणारच असे धरून तयारी करावी. ज्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली ते झाले, मग रात्री अडीच वाजता रडू का येते, हेच कळत नाही. त्या वेळी बहुतेकींच्या मनात एकच शंका उभी राहते: आपण चूक तर केली नाही ना?

त्या आठवड्यांतल्या रडण्यावरून निर्णयाचा निकाल लावू नका. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २७ अभ्यासांतील ७,९२८ ट्रान्स स्त्री-पुरुषांची माहिती एकत्र पाहिली गेली. त्यात शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप झाल्याचे प्रमाण सुमारे १ टक्का निघाले. अभ्यासांची पद्धत सारखी नव्हती, म्हणून हा आकडा अगदी काटेकोर मानू नये. पण तिसऱ्या आठवड्यातले रडणे आणि पश्चात्ताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. भूल, रक्तस्राव, वेदना, तुटक झोप, खाली-वर झालेले हार्मोन आणि चार भिंतींत अडकलेले दिवस एकत्र आले की कुणाचेही मन खचेल.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी शरीर तपासायचे, मग घर, आणि मग मन. पुष्कळदा मनाचे दुखणे म्हणून जे सांगितले जाते त्याचे मूळ पोटात, रक्तात किंवा संपलेल्या गोळ्यांच्या पाकिटात सापडते.

पुढची माहिती मुख्यतः योनी तयार करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी आहे. फक्त वृषणे काढली असतील, किंवा बाहेरून योनीचा आकार दिला पण आतला मार्ग केला नसेल, तर डायलेशनचा (नवा मार्ग आकसू नये म्हणून त्यात डायलेटर नावाचे दांड्यासारखे साधन काही मिनिटे घालून ठेवण्याचा) भाग सोडून बाकी सगळे लागू पडते.

तारीख घेण्याआधी

ऑपरेशनची तारीख घेताना खान्देशचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात पॅड लावून, मांड्यांत घाम धरून, दिवसातून तीनदा डायलेशन करायचे आणि वर वीज गेलेली, असे सहा आठवडे कुणाच्याही मनाची परीक्षा पाहतील. निवड हातात असेल तर दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ बरा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास तारीख मिळाली तर कूलरची आणि बॅटरीवर चालणाऱ्या पंख्याची सोय आधीच करा.

सोबतीला एक नव्हे, दोन माणसे ठरवा. एक अंगमेहनतीसाठी: स्वयंपाक, औषधे आणणे, बादली उचलणे. तुम्हाला सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचे नसते. पाण्याचा भरलेला हंडा त्यापेक्षा कितीतरी जड असतो. दुसरे माणूस फक्त बोलण्यासाठी, मग ते पुण्यात बसून फोनवर असले तरी चालेल. दोन्ही भार एकाच बहिणीवर किंवा एकाच चेल्यावर (शिष्येवर) टाकले की तिसऱ्या आठवड्यात ती थकते, चिडते, आणि तुम्हाला वाटते आपण ओझे झालो.

पैशांचा हिशेब तीन महिन्यांचा धरा. ऑपरेशनच्या बिलाची बेगमी सगळ्या करतात. त्यानंतरच्या बारा आठवड्यांची फारच थोड्या करतात. बधाईला फिरणे (लग्न-बारशाच्या घरी आशीर्वाद देऊन पैसे घेणे), रेल्वेच्या डब्यातून मागत चालणे, उभे राहून दुकान सांभाळणे यांतले काहीही सहा ते आठ आठवडे जमत नाही. देहविक्रय हेच उत्पन्न असेल तर किमान तीन महिने ते बंद. डेऱ्यात (गुरू आणि चेल्यांच्या एकत्र घरात) राहत असाल तर गुरूशी आधीच स्पष्ट बोला: किती दिवस सुट्टी, त्या दिवसांचा खर्च कुणाकडे, आणि परतफेड करायची असेल तर कधीपासून. ते कागदावर लिहिलेले असले तर आणखी चांगले. सावकाराच्या व्याजाने पैसे काढून ऑपरेशन केले तर पहिल्या महिन्यातली झोप तो हप्ताच खातो.

तंबाखू, गुटखा, मिश्री, बिडी ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सोडायची असते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा मरतात. सोडल्यावर दोन-चार आठवडे चिडचिड आणि उदासी येते. म्हणून ती शस्त्रक्रियेच्या आधीच येऊन जाऊ द्या. दोन्ही त्रास एकाच वेळी अंगावर घेऊ नका. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय फोनसेवा आहे.

आधीपासून नैराश्याचे औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका. सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्याचे नाव सांगा. कारण पुढे येते आहे.

मन खाली गेले की काय तपासायचे

पहिली गोष्ट वेदना आणि झोप. वेदनेची गोळी दुखणे असह्य झाल्यावर घ्यायची नसते. पहिले दहा-बारा दिवस लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची. रात्रीची गोळी चुकली की पहाटे तीनला जाग येते आणि सगळे काळे विचार त्याच तासाला येतात. दुसऱ्या दिवशी मन आणखी हळवे होते. मोबाइलवर रात्री आठ आणि पहाटे चारचा गजर लावण्यात लाज नाही. औषधाच्या वेळा कागदावर असतील त्याप्रमाणे तो बदला.

वेदनेसाठी ट्रामाडॉल दिले असेल आणि सोबत सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटिनसारखे नैराश्यावरचे औषध चालू असेल, तर दोघांच्या एकत्र परिणामाने हातपाय थरथरणे, खूप घाम, छातीत धडधड, अस्वस्थपणा आणि गोंधळलेपणा येऊ शकतो. ही घबराट नव्हे, औषधांची टक्कर आहे. लगेच रुग्णालयात जा आणि दोन्ही पाकिटे सोबत न्या. ट्रामाडॉलवर दारू तर मुळीच नको. ट्रामाडॉलची सवयही लागते. जखम भरल्यावरही 'झोप येते म्हणून' ते घेत असाल तर डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

दुसरे पोट. वेदनाशामकाने बद्धकोष्ठ होते, कुंथावे लागते, कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो, मग शौचाला जायचीच भीती बसते आणि खाणे कमी होते. पाचव्या दिवशी माणूस रडवेले होते ते यानेच. पहिल्या दिवसापासून अडीच-तीन लिटर पाणी, डॉक्टरांनी परवानगी दिली की रात्री इसबगोल, पपई, मऊ मुगाची खिचडी, ताक, रावेर-यावलची केळी. केळी चांगली पिकलेलीच हवीत. ठेचा, फौजदारी डाळ, तर्रीची शेवभाजी महिनाभर बाजूला. दादर ज्वारीची भाकरी चालते, पण पाणी भरपूर असेल तरच. भरित खावेसे वाटले तर मिरची निम्म्याने कमी.

तिसरे रक्त. ऑपरेशनमध्ये रक्त गेलेले असते. जिना चढताना धाप, डोके हलके, कशातच रस नाही, अशी लक्षणे असतील तर हिमोग्लोबिन तपासा. सोबत बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडही एकदा पाहून घ्या. रक्तक्षयावर समुपदेशन करून उपयोग नाही.

चौथे हार्मोन, आणि इथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात. काही सर्जन रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ऑपरेशनच्या दोन-चार आठवडे आधी इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) थांबवतात. ऑपरेशनमध्ये वृषणे निघाली की शरीराचे टेस्टोस्टेरॉन (पुरुष-हार्मोन) काही दिवसांत तळाला जाते. म्हणजे काही आठवडे शरीरात पुरेसे ना हे, ना ते. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने भिजून जाग येणे, चिडणे, क्षणात रडणे हा त्याचाच परिणाम. मे महिन्यात हे उन्हाचे समजून सोडून दिले जाते. फरक ओळखायचा तर असा: उन्हाचा उकाडा दिवसभर असतो; हार्मोनची वाफ एकदम छाती-मानेतून वर चढते, काही मिनिटे टिकते आणि नंतर गारठा वाटतो.

यावर उपाय साधा आहे, पण स्वतः करायचा नाही. इस्ट्रोजेन पुन्हा कधी सुरू करायचे हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. लिहिलेले नसेल तर निघण्याआधी विचारा, कारण घरी आल्यावर सर्जनचा फोन लागेलच असे नाही. वृषणे काढल्यावर स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉनसारखी टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधे सहसा लागत नाहीत. सायप्रोटेरॉनने तर मन आणखी उदास होऊ शकते. तरी जुन्या चिठ्ठीवरून महिनोन्‌महिने ती घेत राहणाऱ्या पुष्कळ असतात. उलट इस्ट्रोजेन मात्र बंद करायचे नसते. 'आता ऑपरेशन झाले, गोळ्या कशाला' असे म्हणून ते सोडले तर मनाबरोबर हाडेही झिजतात. सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासा: इस्ट्राडिऑल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, हे सर्वसाधारण लक्ष्य धरले जाते.

मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन हार्मोनची गरज भागवणे खान्देशात काय, सगळीकडेच चालते. त्यांत बहुधा एथिनिल इस्ट्राडिऑल असते आणि त्याने गुठळीचा धोका बराच वाढतो. ऑपरेशननंतर अंथरुणावर पडून असताना तर हा खेळ नकोच. एका पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा अचानक दम लागून छातीत दुखणे, असे झाले तर थेट १०८ ला फोन करा.

डायलेशनचा ताण

ऑपरेशनपूर्वी डायलेशनविषयी सगळे सांगितले जाते, तरी त्याचा मनावरचा भार कुणी मोजत नाही. सर्वसाधारण वेळापत्रक असे असते: पॅकिंग (ऑपरेशनवेळी आत भरलेली पट्टी) निघाल्यापासून तीन महिने रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटे, तीन ते सहा महिने रोज एकदा, नंतर आठवड्यातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर आठवड्यातून एक-दोनदा. तुमच्या सर्जनचा कागद वेगळा असेल तर तोच खरा. दहा मिनिटे म्हणायला. तयारी, जेल, धुणे, पुसणे, पॅड बदलणे धरून चाळीस-पंचेचाळीस मिनिटे जातात. दिवसाचे दोन-सव्वादोन तास. दोन खोल्यांच्या घरात, पडद्यामागे, बाहेर कुणी हाक मारत असताना.

जागेचा प्रश्न आधी सोडवा. दाराला आतून कडी हवी, पण पहिले दोन आठवडे चक्कर येऊ शकते म्हणून आपल्या माणसाला वेळ सांगून ठेवा. वेळा घराच्या दिनक्रमात बसवा: सकाळी सगळे उठायच्या आत, दुपारी जेवणानंतर घर झोपते तेव्हा, आणि रात्री. घरच्यांना तपशील सांगायची गरज नाही. 'डॉक्टरांनी दिलेला व्यायाम आहे, अर्धा तास हाक मारू नका' एवढे पुरते. डायलेटर साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून, स्वच्छ सुती पिशवीत डब्यात ठेवा. घरात लहान मुले असतील तर डबा वर. जेल पाण्यात विरघळणारे घ्या. खोबरेल तेल, तूप, व्हॅसलिन नको. महिन्याला किती नळ्या लागतात ते पहिल्या आठवड्यातच कळेल. साक्री, धडगाव, अक्कलकुवा अशा ठिकाणी दुकानात ते मिळेलच असे नाही, म्हणून जिल्ह्याच्या गावाहून दोन महिन्यांचा साठा आणा.

दुखते तेव्हा बहुतेकदा अडथळा ओटीपोटाखालच्या स्नायूंचा असतो. भीतीने ते आवळतात, आवळल्याने दुखते, दुखल्याने भीती वाढते. जबरदस्तीने ढकलले तर हे चक्र पक्के होते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, खाली उशी घ्या. नाकाने श्वास घेत पोट फुगवा, तोंडाने सावकाश सोडा, असे दहा श्वास झाल्यावर सुरुवात करा. डायलेटर टेकवून थांबा, श्वास सोडतानाच थोडा पुढे न्या. लघवी सोडताना खालचे अंग जसे सैल सोडतो तसे सोडायचे. दोन आठवडे असे करूनही आवळणे जात नसेल तर ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी करणाऱ्या व्यक्तीकडे जा.

एक वेळ चुकली तर आकाश कोसळत नाही. पुढची वेळ करा. दोन-तीन दिवस चुकले आणि नेहमीचा आकार जात नसेल तर एक आकार खाली उतरा, आणि जमेपर्यंत तिथेच राहा. चुकल्याचा अपराधीपणा आला की त्या डब्याकडे बघवत नाही, मग आठवडा जातो, मार्ग आकसतो, आणि खरोखरच मोठा प्रश्न उभा राहतो. सर्जनला हे सांगायला लाजू नका. सर्वांत नेहमीची अडचण हीच आहे.

पूर्वी लैंगिक अत्याचार झालेला असेल तर डायलेशनच्या वेळी ते सगळे अंगावर येऊ शकते. हात थंड पडतात, आपण खोलीत नाहीच असे वाटते. तेव्हा थांबा, डायलेटर काढा, पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्या, पाणी प्या. त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे तुम्ही ठरवा. हे वारंवार होत असेल तर मनोविकारतज्ज्ञाला नेमके हेच सांगा. नुसते 'उदास वाटते' म्हटल्याने उपचार चुकतो.

आरसा

पहिल्या सहा आठवड्यांत आरशाने पाहायचे ते फक्त जखमेसाठी, दिवसातून एकदा, दोन मिनिटे. त्या काळात दिसते ती सूज, निळेपणा, टाके आणि एक बाजू दुसरीपेक्षा मोठी. हा अंतिम आकार नव्हे. तो दिसायला सहा महिने ते वर्ष लागते. मोबाइलवरच्या दुसऱ्यांच्या फोटोंशी ताडून पाहणे तोपर्यंत बंद.

काही गोष्टी घाबरवतात पण बहुधा सामान्य असतात: लघवीची धार वाकडी जाणे किंवा फवारा उडणे, खालच्या टोकाला टाक्यांची थोडी जागा उघडणे, पिवळसर स्राव, बधिरपणा, मधूनच विजेसारखी कळ. कळ म्हणजे नसा जुळत असल्याची खूण. संवेदना पूर्ण यायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागू शकते. काढलेला अवयव अजून आहे असे भासणेही घडते. मेंदूतला जुना नकाशा लगेच पुसला जात नाही एवढाच त्याचा अर्थ; मन फिरले असा नव्हे.

ज्यांत न थांबता डॉक्टरांकडे जायचे अशी लक्षणे मात्र पाठ करा: तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतके रक्त, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, लघवी अजिबात न होणे, घाण वास, आणि योनीतून वायू किंवा विष्ठा येणे. शेवटचे लक्षण लाजेने लपवले जाते आणि त्यामुळेच चिघळते.

घर, डेरा, गाव

गावात चौकशी होणारच. आजूबाजूच्या आजीबाई दारात येऊन विचारतील, 'काय व्हयनं वं?' उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच द्यावे: 'पोटनं ऑपरेशन व्हयनं, डॉक्टरनी आराम कराले सांगेल शे.' खोटे नाही, आणि पुढचा प्रश्न तिथेच अडतो. आपल्या शरीराबद्दल खुलासा देणे हे तुमचे कर्तव्य नाही.

डेऱ्यातली चाळीस दिवस विश्रांतीची प्रथा मनासाठी खरे तर चांगली आहे. कुणीतरी जवळ असते, काम सांगितले जात नाही, शेवटी हळद लागते, जलसा होतो, माणसात परत घेतले जाते. रुग्णालयातून एकटीने भाड्याच्या खोलीत परतणाऱ्या पुष्कळजणींच्या वाट्याला हे येत नाही. ती प्रथा ठेवा. तिच्यातल्या चार गोष्टी वगळा. जखमेवर गरम तेल नको. पाणी कमी पिणे नको. अंघोळ आणि धुणे डॉक्टर म्हणतील तसे. आणि चाळीस दिवस झाले नाहीत म्हणून तपासणीची तारीख चुकवायची नाही. गुरूला हे शेजारी बसवून डॉक्टरांनीच सांगितले तर वाद होत नाही. तपासणीला सोबत न्या.

सण जपून. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि आपल्याला बोलावणे येते की नाही याकडे डोळे लागतात. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाला सगळे भाऊबंद एकत्र होतात. या दिवसांत मन दुखणार हे आधीच माहीत असते. म्हणून त्या दिवसाची सोबत आठवडाभर आधी ठरवा. कुणाकडे जेवायला, कोणत्या मैत्रिणीला घरी बोलवायचे, हे नक्की करून ठेवा. बोलावणे आलेच तर रोटांचे (कानबाईच्या नैवेद्याचे) दळण आणि तासन्‌तास उभे राहणे टाळायची सबब सोबत न्या.

ऑपरेशन झाले की घरचे, गावचे आपोआप बाई म्हणू लागतील, या अपेक्षेने सर्वांत जास्त भ्रमनिरास होतो. त्यांचा नकार शरीरामुळे नव्हता, तर ऑपरेशनने तो कसा जाईल? जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेसाठीचा ग्रामपंचायतीचा अर्ज फेटाळला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना त्याच जागेवरून लढू दिले आणि त्या निवडून आल्या. न्यायालयाने पाहिले ते त्यांनी स्वतः निवडलेली ओळख. शस्त्रक्रिया स्वतःच्या अंगात सुखाने राहता यावे यासाठी. लोकांना पटवण्याचा मार्ग वेगळा आणि लांबचा आहे.

जोडीदार असेल तर बारा आठवडे संबंध नाही, हे ऑपरेशनआधी त्याच्यासमोर डॉक्टरांकडून वदवून घ्या. त्यानंतरही सुरुवात स्वतःच्या हाताने, सावकाश, कुठे काय जाणवते ते शोधत करा. पहिल्या काही महिन्यांत सुख जाणवले नाही म्हणजे कधीच जाणवणार नाही असे नव्हे. घाई करणारा, 'एवढा खर्च केला' असे ऐकवणारा माणूस हा जखमेइतकाच धोक्याचा. निरोध पूर्वीसारखाच लागतो.

उदासी की नैराश्य

येते, जाते, मैत्रिणीच्या फोनने थोडी हलकी होते, ती उदासी. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग मन काळवंडलेले, कशात गोडी नाही, भूक-झोप बिघडलेली, आपण नालायक आहोत असे वाटणे, हे नैराश्य. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत मिळते. गुण ० ते २७. १० किंवा अधिक आले तर डॉक्टरांकडे जा. ती दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात करा आणि तारखेसह गुण लिहून ठेवा. झोप आणि थकव्याचे गुण सुरुवातीला ऑपरेशनमुळेही वाढतात, म्हणून एका आकड्यापेक्षा चढ-उतार पाहा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो; तिथे शून्याखेरीज काहीही आले तर एकूण गुण न मोजता त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

मरणाचे विचार येवोत न येवोत, एक कागद आधीच करून ठेवा. त्यावर: माझे बिघडते आहे हे कशावरून कळते (फोन बंद ठेवणे, जेवण टाळणे, दारू), कशाने थोडे बरे वाटते, कोणत्या तीन माणसांना कोणत्या क्रमाने फोन करायचा, डॉक्टर आणि हेल्पलाइनचा नंबर. एक प्रत सोबतच्या माणसाकडे. दुसरे काम घरातल्यांचे. कापसाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीचे औषध असते. ते या काळात घरातून हलवा, दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. वेदनेच्या आणि झोपेच्या गोळ्या दोन-तीन दिवसांच्याच हाताशी, बाकी सोबतच्या माणसाकडे. तीव्र लाट बहुधा थोड्या वेळाची असते; त्या वेळात हाताशी काही नसणे यानेच जीव वाचतात.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येते. जीवाला धोका असेल तर १०८ किंवा ११२. पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते.

डॉक्टरांकडे जाताना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मानसोपचाराची ओपीडी तिथे विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखालीही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे किंवा सुरतेला झाली असली तरी मनाचे उपचार जवळच घ्या, कारण दर दोन-चार आठवड्यांनी जावे लागते.

सोबत डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची पाकिटे, हार्मोनचे अहवाल आणि पीएचक्यू-९ चे गुण न्या. पहिल्या दोन वाक्यांत मुद्दा सांगा: 'मी ट्रान्स स्त्री आहे, अमुक तारखेला शस्त्रक्रिया झाली. तीन आठवड्यांपासून झोप नाही, रडू येते.' बाहेर नावाने हाक मारणार असतील तर कोणते नाव हवे ते केसपेपर काढतानाच सांगा. गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. काही औषधांनी कामसुख उशिरा येते किंवा येत नाही. ऑपरेशननंतर त्याचा दोष शस्त्रक्रियेला दिला जातो, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्या. 'हे सगळे सोडून पुरुष म्हणून राहा' असा उपचार कुणी सुचवला तर उठून या: असे 'परिवर्तन' उपचार करणे हे गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितले आहे.

तीन महिन्यांनंतर

जखम भरते, पाहुणे थांबतात, फोन कमी होतात. इतकी वर्षे पैसे साठवणे, डॉक्टर शोधणे, घरच्यांशी भांडणे यात दिवस जात होता. आता ते काम उरत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यातली पोकळी यातून येते आणि तिला गोळीपेक्षा काम लागते. शिलाई, पार्लर, बारावीचा राहिलेला पेपर, काहीही. पण आठवड्यातले वार आणि वेळ ठरलेली हवी. कामावर परतताना पहिले दोन आठवडे अर्धा दिवस मागा. बस-रिक्षाचे धक्के टाळता येत नसतील तर मऊ उशी घ्या, लांबच्या प्रवासात तासाला एकदा उठून चाला, आणि रेल्वेत खालचा बर्थ मागा.

कागदपत्रांची धावपळ पहिल्या सहा आठवड्यांत करू नका. रांगेत उभे राहणे आणि कारकुनाचे प्रश्न दोन्ही तेव्हा सोसत नाहीत. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात शस्त्रक्रियेनंतर ओळखीच्या सुधारित प्रमाणपत्राची तरतूद आहे. त्यासाठी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच तो मागून घ्या, नंतर तेवढ्यासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागते. अर्ज करताना ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरचा त्या दिवशीचा नमुना वाचूनच भरा. सहाव्या महिन्याच्या तपासणीला जाल तेव्हा सर्जनला डायलेशन, संवेदना, हार्मोन आणि झोप या चारही गोष्टी विचारा. वेळ नाही म्हणाले तर प्रश्न कागदावर लिहून पुढे सरकवा.